मुठीचा तांदूळ

वडील गेल्यानंतर आमच्या घरात पहिला फरक पडला तो आवाजांचा. ते भिक्षुकी करीत. कुरखेड्याच्या आसपासच्या गावांत कुणाकडे सत्यनारायण, कुणाकडे वास्तुशांत, कुणाकडे श्राद्ध, असे रोज कुठे ना कुठे त्यांचे बोलावणे असे. संध्याकाळी भाताच्या बांधीच्या धुऱ्यावरून ते परतू लागले, की खांद्यावरच्या पिशवीतली पळी पंचपात्रावर आपटून किणकिणत असे. तो आवाज ऐकला की आई चुलीत लाकूड सारी आणि आधणाचे भांडे वर ठेवी. त्यांच्या पंच्याच्या गाठीत त्या दिवशीचा शिधा असे: तांदूळ, लाखोळीची किंवा तुरीची डाळ, मिठाचा खडा, गुळाचा तुकडा, कधी एखादे वांगे. त्या शिध्यावर आमचे चौघांचे घर चालत असे. जमीन नव्हती, आणि तिची उणीव कधी भासली असेही मला आठवत नाही. हिवतापाने वडील गेले, दिवसकार्य आटोपले, आणि ती पिशवी ओसरीतल्या खुंटीवर टांगली गेली. तरीही संध्याकाळ झाली की आई सवयीने चुलीत लाकूड सारी, आणि मग चुलीवर ठेवण्यासारखे काही नाही हे ध्यानात आल्यावर ते लाकूड पुन्हा बाहेर ओढून राखेत विझवीत असे. मी समोर बसून पाहत असे. त्या धुराने डोळ्यांत पाणी येई, तेवढेच.

मला रडू आले नाही. बायका येत, माझ्या पाठीवरून हात फिरवीत आणि म्हणत, "रड माय, मोकळी होय." मी त्यांच्या हातातल्या बांगड्या पाहत असे. पाय मुडपून फार वेळ बसल्यावर त्याला मुंग्या येतात, मग हाताने दाबला तर दाबल्याचे कळते, पण तो पाय आपला वाटत नाही. माझे सगळे तसे झाले होते. कण्यांची पेज ताटात येई, मी ती पिई, आणि तिच्यात मीठ आहे की नाही हे धाकटा गोविंद ओरडल्यावर मला समजे. आज या वयात, परमेश्वराच्या कृपेने पुष्कळ मरणे पाहून झाल्यावर, मी त्या मुलीला दोष देत नाही. शोकाला वाट नसली तर तो थांबून राहतो. त्याला ढकलून उपयोग नसतो.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर उभे आहे. मुलीला मंत्रांची संथा देण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती. वडिलांनी मला बसवून असे कधी शिकवले नाही. परंतु दूरच्या गावी जाताना ते मला पाण्याचा तांब्या धरायला सोबत नेत, आणि मोहाच्या झाडांखालून चालता चालता म्हणत जात. मी मागून म्हणत असे. चुकले की ते थांबत, वळून न पाहता तोच चरण पुन्हा म्हणत आणि मग चालू लागत. अशा रीतीने पुण्याहवाचन, आशीर्वचन, शांतिपाठ हे सारे माझ्या पायांतून माझ्या जिभेवर आले. यजमानाने कोणत्या ठिकाणी 'अस्तु' म्हणायचे, हेही मला ठाऊक होते. कारण बहुतेक यजमान ते विसरत आणि वडील त्यांच्याकडे पाहून थांबत. ते गेल्यापासून मात्र मी एक अक्षर उच्चारले नव्हते.

दिवसकार्य झाल्यावर माझे काका आईशी बोलायला बसले. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. ते कोरपन्याकडे एका देवळाची पूजा करीत. त्यांना लहान लहान मुले होती आणि काकू सदा आजारी असे. काका वाईट नव्हते, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. ते म्हणाले, "वहिनी, मी काय म्हणून राहिलो, सुमतीला मी घेऊन जातो. तिथं दोन घास खाईल, लेकरांकडं पाहील, तिच्या काकूलाही हातभार. तुम्ही आन गोविंद, दोघांचं कसंबसं निभेल."

"आणि तिची शाळा?" आई म्हणाली.

"शाळेचं पाहू."

आमच्या घराण्यात 'पाहू' या शब्दाचा अर्थ सगळ्यांना माहीत होता. काकांनी सांगितले, की ते परत येतील ते बाजाराच्या दिवशी, एस.टी.ने, आणि त्याच गाडीने मला घेऊन जातील. घरात तोवर धान्याची काही सोय झाली तर गोष्ट निराळी. ते गेल्यावर आईने माझी परकर-पोलकी घडी करून एका जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधली आणि ते बोचके दाराजवळ ठेवले. मी जाता-येता त्याला वळसा घालीत असे. ते दुसऱ्याच कुणाचे असावे असे मला वाटे.

आमच्या शाळेचे मुख्याध्यापक गेडाम गुरुजी हे गोंड समाजातले. अंगाने आडवे, आवाजाने हळू. गावाबाहेर रस्त्याला लागून एक लहान गिरजाघर होते, कौलारू, पुढे पेरूचे झाड. त्या गिरजाघराच्या मंडळींनी आणि गुरुजींनी मिळून एक पद्धत घातली होती. ज्या घरची चूल अडली असेल, ते घर गुरुजी ओळखीत, कारण मूल शाळेत कसे बसते यावरून त्यांना ते कळे. गिरजाघरातून तांदूळ येई. तो शनिवारी शाळा सुटल्यावर वर्गात, दार लोटून, मुलाच्या दप्तरात घातला जाई. कुणाचे मूल काय घेऊन गेले हे दुसऱ्या मुलाला कळत नसे, आणि कुणाला गिरजाघराची पायरी चढावी लागत नसे. त्या घरी कुणी धर्माची गोष्ट काढायची नाही, हा गुरुजींचा करार होता आणि तो पाळला जाई.

गुरुजी आमच्या ओसरीवर आले, आणि आई दाराच्या आतून बोलली.

"गुरुजी, पोरीच्या दप्तरात काही घालू नका. आमच्यात कुणाच्या घरचं शिजलेलं घेत नाहीत, आणि भीक तर नाहीच नाही."

गुरुजी बराच वेळ खुंटीवरच्या पिशवीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बाई, भटजी तं साऱ्या गावचा शिधा घेत होते. माह्या घरचाबी घेतला, माय गेली तवा. शिध्याले काय हरकत हाय?"

आत दाराची कडी हलू लागली. आई विचार करीत होती हे मला समजले, कारण ती विचार करताना दाराची कडी बोटाने हलवीत असे. शेवटी ती म्हणाली, "शिधा घ्यायचा तर देणारा स्वतः उंबऱ्यापर्यंत यायला पाहिजे. आणि घेणाऱ्याने आशीर्वाद दिला पाहिजे. त्याशिवाय तो शिधा नाही."

"आशीर्वाद कोन देईन? गोविंदाची मुंज नाई झाली."

कडी थांबली. "सुमती देईल," आई म्हणाली.

गुरुजींनी माझ्याकडे पाहिले. मला आश्चर्य वाटायला हवे होते. मी मान हलवली, एवढे आठवते.

बाजाराच्या आदल्या दिवशी सकाळी गुरुजी आणि पाळकीणबाई आल्या. पाळकीणबाई म्हणजे गिरजाघराच्या पाळकांची पत्नी, मार्थाबाई. उंच, सावळ्या, नाकात चमकी नाही, पायात रबरी चपला. त्या त्यांनी अंगणातच काढल्या. डोक्यावर सूप होते, त्यावर पांढरे फडके. तांदूळ, डाळ, मीठ, गूळ, आणि काठावर एक वांगे. वांगे कुणी सुचवले असेल, याचा मी पुढे पुष्कळदा विचार केला. आई दाराबाहेर आली. वडील गेल्यानंतर ती प्रथमच ओसरीवर आली होती. मार्थाबाईंनी ओसरीवर उतरवलेल्या सुपावरचे फडके तिने बाजूला केले, तांदळात बोटे घातली, आणि तशीच राहिली.

"यात उकडा आहे," ती म्हणाली.

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या भागात काही घरी धान आधी तुसासकट उकडतात, वाळवतात आणि मग कांडतात. तो तांदूळ पिवळसर आणि चिवट होतो, पोटाला जड राहतो, कष्टकऱ्यांना तो बरा. परंतु तो एकदा दुसऱ्याच्या चुलीवर चढून आलेला असतो. शिधा अपक्व असावा हा नियम. वडिलांना कुणी चुकून उकडा दिला तर ते तो घेऊन हात जोडत आणि येताना वाटेत कुणा गरजवंताला देत. घरी कधी आणत नसत.

मार्थाबाई ओशाळल्या. "बाई, हा मुठीचा तांदूळ हाय ना. आमच्या बाया सैपाक करताना तांदूळ धुवाच्या आधी एक मूठ येगळी काढतेत, मडक्यात टाकतेत. ऐतवारी साऱ्यांचं मडकं गिरजाघरात एका जागी होते. कोनाच्या घरी उकडा असन, कोनाच्या घरी नसन. आमाले हे ध्यानातच नाई आलं." त्यांनी वांगे सुपात नीट केले. "दुकानातला आनून देतो म्हटलं तं आनता येते. पन मंग तो मुठीचा नाई राहनार."

आईने सुपाकडे पाहिले. गुरुजी खाली पाहत होते. मीही पाहत होते, आणि मला एवढेच वाटत होते, की हे लवकर ठरावे म्हणजे मला बसता येईल.

"मंग निवडू ना," मार्थाबाई म्हणाल्या. "दोघीजनी आहोत. हात आहेत." आणि आईच्या उत्तराची वाट न पाहता त्या ओसरीच्या कडेवर बसल्या. आई क्षणभर उभी राहिली. मग तीही बसली, सुपाच्या पलीकडे.

त्या दोघी सकाळभर तांदूळ निवडीत होत्या. उन्हात उकडा लगेच ओळखू येतो; दाणा काचेसारखा दिसतो, पांढरा मधला ठिपका त्यात नसतो. मार्थाबाई काढलेला दाणा पदराच्या ओच्यात टाकीत आणि मधूनमधून म्हणत, "हा एस्तेरबाईचा. ती चाळतच नाई, पाहा किती खडे." "हा रुबेनच्या मायचा. तिले बाई दिसत नाई, मूठ मात्र मोठी." एकदा आईने एक लालसर दाणा वर धरला आणि विचारले, "आणि हा?"

"तो माह्या घरचा. लाल धान हाय, उकडा नाई. राहू द्या त्याले."

आईने तो राहू दिला. कुंपणापलीकडून आमची शेजारीण कौसाबाई डोकावली. तिला काही सुटत नसे. "काऊन वो पाद्रीनबाई, भटाच्या वसरीवर रोजी लागली का तुमची?"

"लागली ना कौसाबाई. तुमीबी या. हजेरी मांडू," मार्थाबाई मान वर न करता म्हणाल्या. गुरुजींना हसू आले, ते त्यांनी खोकून दाबले. आईच्या ओठाचा कोपरा हलला की मला भास झाला, ते आजही निश्चित सांगता येत नाही.

निवडून झाले. उकड्याची पुरचुंडी मार्थाबाईंनी पदराला बांधली. "हा आमी आज रांधू," त्या म्हणाल्या. मग त्यांनी सूप उंबऱ्याशी ठेवले आणि उभ्या राहिल्या. आईने खुंटीवरची पिशवी काढून मला दिली. पळी, पंचपात्र, ताम्हन. पिशवीला अजून त्यांच्या चंदनाचा वास होता, तो मला आला, आणि त्यापुढे काही झाले नाही. हळदीच्या अक्षता आईने माझ्या तळहातावर ठेवल्या.

"मी हात जोडू का, का कसं करू?" मार्थाबाईंनी विचारले.

"ओंजळ करा," आई म्हणाली. "पण तुमच्यात चालतं का हे?"

"पास्टर साहेबाले इचारून आली. ते म्हनाले, लेकराचा आशीर्वाद हाय, घेऊन ये."

मी तोंड उघडले. मला वाटले होते शब्द येणार नाहीत. ते आले. एकामागून एक, ऱ्हस्व-दीर्घासह, वडील थांबत तिथे थांबून. ते मी म्हणत नव्हते. वाटेवरून पाय चालावेत तसे ते चालत होते आणि मी कुठेतरी मागे तांब्या धरून होते. शांती असो या अर्थाचा पहिला चरण संपला. यजमानाने 'अस्तु' म्हणायचे ते ठिकाण आले. मी वडिलांसारखी थांबले आणि मार्थाबाईंकडे पाहिले. त्यांना ठाऊक नव्हते, परंतु आपल्याकडून काही अपेक्षित आहे हे त्यांना कळले.

"आमेन," त्या म्हणाल्या.

मी आईकडे पाहिले.

"चालेल," आई म्हणाली.

पुष्टी असो. आमेन. तुष्टी असो. आमेन. शेवटच्या चरणापर्यंत तसेच झाले. मी अक्षता त्यांच्या ओंजळीत टाकल्या, त्यांनी त्या डोळ्यांना लावल्या, आणि त्याच पदराच्या दुसऱ्या टोकाला बांधल्या. आईने सूप उचलून आत नेले. मला विशेष काही वाटले नाही. घसा कोरडा पडला होता. पुढे आयुष्यभर मी संस्कृत शिकवले, मोठ्या सभांत मंगलाचरणे म्हटली, आणि लोकांनी वाणीची स्तुती केली. तो पहिला आशीर्वाद मात्र मी इतक्या कोरडेपणाने दिला, आणि तरीही तो दिला गेला, यावर मी अजून विचार करते. देणाऱ्याच्या मनात काय होते हे आशीर्वाद विचारीत नसावा. मला हे शास्त्राने शिकवले नाही.

दुसऱ्या दिवशी काका आले. बोचके दाराजवळच होते. त्यांनी पाय धुतले, पाणी प्यायले आणि मडक्याकडे त्यांची नजर गेली. आईने मडके झाकले नव्हते.

"हा तांदूळ कुठला, वहिनी?"

"शिधा आहे. गिरजाघराच्या पाळकीणबाई उंबऱ्यावर येऊन देऊन गेल्या. सुमतीने आशीर्वाद दिला. संपला की पुढचा येईल, गुरुजींनी सांगितलं."

काका रागावले नाहीत. ते दमलेले होते. "पोरीनं आशीर्वाद दिला?"

"तिच्या वडिलांनी शिकवला होता. तुमच्याच भावाने."

"ते राहू द्या. तो गिरजाघराचा तांदूळ म्हणजे मुठीचा असतो, मला माहीत आहे, आमच्याकडंही करतात. साऱ्या घरचा एका जागी. त्यात उकडा नसंल असं होते काय? वहिनी, दादा असते तर हा घरात आला असता का?"

"निवडला आहे."

"निवडला." काकांनी मडक्यात हात घालून मूठ भरली, दारात उजेडाला आले आणि तळहातावर तांदूळ पसरून अंगठ्याने दाणे सारू लागले. वडील अगदी तसेच करीत. त्यांच्या पाठीचा वाक, मान कलती करण्याची रीत, सारे तेच होते. गोविंद त्यांच्याकडे टक लावून पाहत होता. बाहेर बाजाराला जाणाऱ्या बैलगाड्यांचा आवाज होता. काकांचा अंगठा थांबला.

"हा पाहा. मी उगाच नाही बोलत, वहिनी."

एक दाणा होता. पिवळसर, काचेसारखा. काकांनी तो चिमटीत धरून पुढे केला. त्यांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचे काही नव्हते. आपल्याला मुलगी न्यावीच लागणार, हे ओझे ठरले, असा तो चेहरा होता.

आई उठली. दारापर्यंत आली. तिने काकांच्या चिमटीतून तो दाणा घेतला, आपल्या तोंडात टाकला, आणि दाढेखाली धरून फोडला. कच्चा उकडा फार कठीण असतो. कटकन आवाज झाला. तिने तो सावकाश चावला आणि गिळला.

"अजून असेल तर काढा, भाऊजी," ती म्हणाली. "मी बसले आहे." आणि ती खरोखरच उंबऱ्याजवळ बसली, हात मांडीवर ठेवून.

काका तळहाताकडे पाहत राहिले. त्यांनी अंगठा हलवला नाही. मग हळूच मडक्याशी गेले आणि मूठ परत मडक्यात रिकामी केली, एक दाणाही खाली पडू न देता.

"मग सुमती?" त्यांनी पाठमोऱ्यानेच विचारले.

"तिची शाळा आहे."

"गाडीची वेळ झाली," काका म्हणाले. जाताना त्यांनी पिशवीतून कागदाचा पुडा काढला. वाटेत मला खायला म्हणून त्यांनी फुटाणे आणले होते. तो पुडा त्यांनी माझ्या बोचक्यावर ठेवला आणि ते बाजाराच्या गर्दीत गेले.

हल्ली आमच्या गावातली कितीतरी माणसे मिरची तोडायला तेलंगणात जातात आणि मुले म्हाताऱ्यांपाशी राहतात. शाळेत आता दुपारचे जेवण मिळते, तरीही गिरजाघरातली तरुण मंडळी आणि शाळेतले शिक्षक शनिवारी दार लोटून अजून दप्तरे भरतात. तांदूळ आता एकसारखा, पांढरा, गिरणीचा असतो. त्यात निवडण्यासारखे काही नसते. मी गावी असले तर त्या वर्गात एका कोपऱ्यात बसून राहते. एखादे मूल निर्विकार चेहऱ्याने दप्तर पुढे करते, तेव्हा मी त्याच्या पाठीवरून हात फिरवीत नाही.

त्या दिवशी काका गेल्यावर आईने बोचके सोडले, कपडे दांडीवर टाकले आणि ते फडके चुलीपाशी हात पुसायला ठेवले. मी आणि गोविंद ओसरीवर बसून फुटाणे खाल्ले. मला चव लागली नाही. ते दाताखाली वाजत होते, एवढे कळले, आणि ते वाजणे मी ऐकत राहिले.